बिशप कबर चाटतो

मिसेस एनिड विगटन त्या रविवारी मेल्या नाहीत. हे सुरुवातीलाच सांगून टाकलं, चूक झाली. तुम्ही काही वाचलेलं नाही. त्या जगतील की नाही हे कुणालाच ठाऊक नाही, आणि नेव्हिल टटलला तर मुळीच नाही.

शनिवारी सकाळी त्या मिस ऑड्री पेनफोल्डच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या काखेत बिस्किटांचा डबा होता. त्या घरात तपास करायचं काम ऑड्रीचं. घाबरायचं काम तिचा मेहुणा नेव्हिल बघायचा.

"यात आई आहे," मिसेस विगटन म्हणाल्या.

नेव्हिलनं पुढे केलेला हात मागे घेतला.

मडफर्डच्या चर्चच्या आवारात दफनासाठी एकच जागा उरली होती. ज्याचे पूर्वज तिथले, त्याचा हक्क पहिला. आईची राख तिच्या माणसांत ठेवायची, एवढीच लेकीची इच्छा. पाद्रीबाई उद्या प्रार्थनेनंतर निर्णय देणार होत्या. ईस्टरलाच मिसेस विगटननी गावच्या दुकानात कार्ड लावलं होतं: 'पूर्वजांच्या शोधात आहे. कळवा. एनिड विगटन.' कुणी कळवलं नाही. काल मात्र एक थडगं सापडलं.

"कुणाचं?" ऑड्रीनं विचारलं.

"माझं."

आवारात धुकं होतं. गवत कापायला अडचण नको म्हणून थडग्यांचे जुने दगड उपटून भिंतीला टेकवून ठेवले होते. सगळ्यांच्या पायथ्याशी शेवाळ, एकाच्या पायथ्याशी ओली, उकरलेली माती. त्या दगडावर हिरवट अक्षरं होती:

'एनिड विगटन. परत आली. इथेच राहिली.'

आणि दगडामागून आवाज येत होता. खर्र. खर्र. नेव्हिलनं हाताला लागेल ते घट्ट धरलं. ती आई निघाली.

मग एक पिवळा बोका पुढे आला आणि डोळे मिटून, मन लावून अक्षरं चाटू लागला.

"तो मला चाखतोय," मिसेस विगटन कुजबुजल्या.

बोका पाद्रीबाईंचा. नाव बिशप.

"अहो, अधाशी आहे मेला!" पाद्रीबाई म्हणाल्या. "परवा माझ्या दह्यात तोंड घालून बसला होता. पण तुमचे थ्रॉसल पूर्वज काही सापडत नाहीत हो. तुमचा फोन आल्यापासून नोंदवह्यांत शोधतेय. पुरावा नसेल तर जागा दुसऱ्या अर्जदाराला, मिस्टर स्टॅनर्डना."

मिसेस विगटन जिच्याकडे उतरल्या होत्या ती पबवाली ग्लेनिस म्हणाली, "थ्रॉसल, थ्रॉसल! जेवताना तेच. मटार गार होतात यांचे. आणि काल तर दाराला खुर्ची लावून झोपल्या. माझ्या पबला बदनाम करतील!"

ह्यूबर्ट स्टॅनर्ड एकटेच राहत. आवारातलं गवत फुकट कापून देत, स्वतःच्या ट्रॅक्टरनं. त्यांच्या खिडकीत दह्याच्या रिकाम्या डब्यांतून टोमॅटोची रोपं ओळीनं उभी होती.

"चहा कोराच मिळेल," ते म्हणाले. "दुधातुपाचं काही मला सोसत नाही. घरात आणतच नाही." मग आवाज खाली आणून, "कार्ड वाचलं मी. विगटन! इथलं जुनं घराणं. परत आलेला एकही विगटन जगला नाही. बाई, आजचीच गाडी पकडा."

मिसेस विगटननी कपबशी खाली ठेवून डबा उचलला. "मी जाते. आईला घेऊन जाते."

"उद्या प्रार्थनेनंतर जा," ऑड्री म्हणाली.

"उद्यापर्यंत उरल्या तर ना!" नेव्हिल बोलून गेला आणि स्वतःच पांढरा पडला.

रविवारी सगळे भिंतीशी जमले. मिसेस विगटन फाटकाजवळच उभ्या राहिल्या, डबा छातीशी धरून.

"एनिडबाई, विगटन कुणाचं आडनाव?" ऑड्रीनं विचारलं.

"नवऱ्याचं. माहेरचे आम्ही थ्रॉसल."

"मग मडफर्डात विगटन आले कुठून? पाद्रीबाई थ्रॉसल म्हणाल्या, ग्लेनिस थ्रॉसल म्हणाली. विगटन घराणं एकानंच पाहिलं, ज्याला फक्त कार्ड माहीत होतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या दगडाला यांचं लग्न कळलं कसं?"

"भुतांना कळतं," नेव्हिल पुटपुटला.

"कळेलही. पण भुताला दही लागत नाही, नेव्हिल. नव्या कोरीव कामावर दही फासलं की लवकर शेवाळ धरतं, हे इथल्या प्रत्येक बागवाल्याला ठाऊक आहे. बिशपलाही. दही न खाणाऱ्या एकट्या माणसाकडे दह्याचे इतके डबे! मिस्टर स्टॅनर्ड, एवढा जड दगड ट्रॅक्टरशिवाय फिरत नाही."

"फिरवला?" पाद्रीबाईंनी विचारलं.

"कोरायला कोरी बाजू हवी होती. जुन्या दगडाची पाठ वापरली. तोंड भिंतीकडे गेलं. तिथलं नाव त्यांच्या दृष्टीनं कुणाचंच नव्हतं. वळवा बघू."

चर्चची घंटा वाजवणाऱ्या चौघांनी दगड वळवला. झिजलेली अक्षरं उजेडात आली: 'जोसाया थ्रॉसल आणि त्याची माणसं.'

मिसेस विगटन फाटकापासून चालत आल्या. डबा दगडाला टेकवला आणि त्याच्या शेजारी मटकन बसल्या.

"तिथून क्रिकेटचं मैदान दिसतं हो," स्टॅनर्ड रडवेल्या आवाजात म्हणाले.

सोमवारी ग्रामसमितीकडे त्यांचा अर्ज आला: 'सदर आवारातील सर्व विद्यमान रहिवाशांनी प्रत्येकी दीड फूट डावीकडे सरकून अर्जदारास मैदानाच्या बाजूची जागा मोकळी करून द्यावी, असे लेखी आदेश त्यांना तत्काळ बजावण्यात यावेत, ही नम्र विनंती.'