नाव न घेता मारलेली हाक

"इतक्या दूर रायपूरहून नाकाले पदर लावायले आणलं का मले?" सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. होडीत आम्ही इतक्या चिकटून बसलो होतो की त्यांचा श्वास माझ्या गालाला लागत होता.

त्यांचंही खरंच होतं. धावरबंदराच्या धक्क्यावर मासळी वाळत होती, तिच्यावर माशा घोंगावत होत्या आणि खालच्या डबक्यात आतड्यांचा लगदा तरंगत होता. होडीच्या फळीला हात लावला तर बोटांना काहीतरी बुळबुळीत चिकटलं. मी ते पदराला पुसलं आणि दिवसभर तो पदर अंगापासून लांब धरला.

छत्तीसगड नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली आणि यांची नोकरी भोपाळहून घरच्या गावी, नव्या मंत्रालयात आली. त्या आनंदात हा प्रवास. समुद्रातला चांच्यांचा किल्ला पाहायची यांना लहानपणापासून हौस. घरात अंडंसुद्धा येऊ न देणारा माणूस, आणि हौस कसली तर चांच्यांची!

"धरून आणलेल्या माणसांना खालच्या कोठडीत कोंडायचे," विनायक नावाडी रंगात येऊन सांगत होता. "भरती आली की कोठडी पाण्यानं भरायची. मरताना त्यांना कोणी नावानं हाक मारली नाही, म्हणून ती अजून वाट बघतात म्हणे. ताई, किल्ल्यात कोणाला बोलवायचं तर नाव घेऊन, आडनावासकट. मोघम हाक मारायची नाही."

"क्यों भैया, भूत आता है क्या?" माझ्या लेकीनं, गंधालीनं, हसत विचारलं.

"आता है ना. लेकिन टिकट नहीं लेता."

हेही हसले. यांचं ते शेवटचं हसू मी पाहिलं, तेव्हा यांच्या वरच्या ओठाला सकाळच्या चहाची साय लागलेली होती.

किल्ल्याच्या भिंतींना शिंपले खवल्यांसारखे चिकटलेले. कोठडीच्या पायऱ्या खाली काळ्या पाण्यात उतरत होत्या. आतून वास आला, बंद डब्यात आठवडाभर विसरलेल्या भाजीचा. सासूबाई मागे सरल्या. हे कॅमेरा घेऊन खाली गेले.

भरती सुरू झाली. विनायकनं शिटी मारली, मग पुन्हा मारली. हे येईनात.

मी पायरीच्या तोंडाशी गेले. तो काय बोलला होता ते मला चांगलं आठवत होतं. पण आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. त्यातून सासूबाई शेजारी उभ्या. आणि असल्या गोष्टींवर माझा विश्वासही नव्हता.

"अहो!" मी हाक मारली. "अहो, ऐकलं का? चला लवकर!"

खाली पाणी चपचपलं.

"आलो," आवाज आला.

हे वर आले, गळ्यापर्यंत भिजलेले. कॅमेरा नव्हता. मी हात दिला. तो तळवा त्या होडीच्या फळीसारखा लागला. परतताना विनायकनं यांच्याकडे एकदा पाहिलं, मग धक्का येईपर्यंत एकही गोष्ट सांगितली नाही.

रायपूरला आलो. उन्हाची बाधा असेल, असं मी म्हटलं. पाणी पोटात गेलं असेल. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. हे वेळेवर मंत्रालयात जात, वेळेवर येत, पगार हातात देत. माझ्या पोह्यांतल्या मिरच्या पूर्वीसारख्याच वेचून आपल्या ताटलीत घेत. माणूस म्हणून तक्रारीला जागा नव्हती.

पण उशी रोज ओली. कानामागे मिठाची पांढरी पुटं. नखांत हिरवट गाळ, कितीही घासला तरी दुसऱ्या दिवशी तितकाच. आंघोळीनंतर मोरीत खवले सापडत. मी ते चिमटीत न धरता खराट्यानं लोटत असे, आणि तरी दुपारी हाताला वास यायचा.

मग हे बीरगांवच्या बाजारातून सुकी मासळी आणू लागले. कच्चीच खात. डोकी आधी.

सासूबाई तोंडावर पदर घेऊन वाढत. "तब्येतीले लागते म्हणून खाऊन राहिला," असं शेजारणींना सांगत. मीही मान हलवायची. कारण तोंडातून ते एकदा निघालं असतं, तर पुढचं विचारावं लागलं असतं. मग खरे हे कुठे आहेत? पाणी किती चढलं असेल? त्यांनी माझी हाक ऐकली असेल का?

"आई, एक बार फिर वहाँ चलें?" गंधाली एकदा म्हणाली. काहून, ते मी तिला विचारलं नाही.

परवा रविवारी दुपारी सगळे जेवायला बसलो होतो. खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं. यांनी एक डोकं दातांखाली फोडलं, डोळा जिभेवर घोळवला आणि गिळला. हनुवटीवरून पिवळट लाळ ओघळून वरणात पडली. यांनी वरण कालवलं.

सासूबाईंच्या हातातली पळी थांबली.

"इंदू."

मी वर पाहिलं नाही.

"इंदू, हा माझा पोट्टा नाही. अच्युत तिथंच राहिला."

गंधाली रडू लागली.

हे जेवत होते. मान वर न करताच यांनी होकार दिला, "हव."

आणि भातासाठी ताट पुढे केलं.