वेशीवरचा कंदील

"विचारायला हवं होतं. एवढे सगळे उभे होते तिथं, एकाने तरी विचारायला हवं होतं. छान छान बोलायला मात्र सगळ्यांना वेळ होता."

बाळकाका हे कुणाला म्हणाले ते दोघांनाही कळलं नाही. वरसे गावातल्या त्या इमारतीची वीज दिवेलागणीलाच गेली होती. अनय फोनवर खेळत होता, तो फोनही चार्जिंग संपून विझला. म्हणून तो आणि त्याची चुलतबहीण इशिता जिन्यात येऊन बसले होते. खालच्या पायरीवर काका. रोह्याच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेला माणूस, पण अंधारात त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा येत नव्हता.

"कोणाला म्हणताय काका?" इशिताने विचारलं.

"वरच्या मजल्यावर श्रेयस राहायचा ना, आता पुण्याला गेला तो. त्याच्याबाबतीत घडलेलं आहे. त्यानंच सांगितलं मला. ऐकायचं असेल तर मध्ये बोलू नका."

"भुताची हाय काय?" अनय म्हणाला. "का शेवटी मोबाईल ठेवा, अभ्यास करा, म्हणून सांगणार?"

"ते तूच ठरव," काका म्हणाले, आणि सांगू लागले.

पौषातली अमावास्या होती, रविवार. श्रेयस पहिल्या शिफ्टहून आला, अंघोळ केली आणि अंधार पडल्यावर घराची किल्ली द्यायला खाली आला. एकटा राहायचा तो. बाहेरगावी जाताना किल्ली काकांच्या खुंटीला लावून जायची त्याची पद्धत.

"पेणला जाऊन येतो," तो म्हणाला. "मित्राच्या घरी कॉम्प्युटरचं थोडं काम आहे."

"अरे, शिफ्ट करून आलास ना? डोळे बघ तुझे. मित्राला म्हणावं, तूच ये की रोह्याला."

"तो गेला काका. कार्तिकात." एवढं बोलून त्याने मोटारसायकल काढली.

मित्र म्हणावं, तर श्रेयसने त्याचं तोंडही कधी पाहिलं नव्हतं. ओळख खेळातली. अनय खेळतो तसला गोळीबाराचा खेळ नव्हे. तिथे एक अख्खं जग असतं. डोंगर, राक्षस, जादूगार, नगरं. देशोदेशीची माणसं एकाच वेळी त्यात शिरतात. बहुतेक जण मारामारी करतात. पण काहींना मारामारी नको असते, त्यांना तिथे फक्त राहायचं असतं. कुणी लोहार होतो, कुणी वैदू. आपलं बोलणं टाइप करायचं, दुसऱ्याचं वाचायचं, आणि बोलायचं ते त्या पात्रासारखं. अशा मराठी पोरांची एक टोळी होती. काजळनगर नावाच्या गावाची वेस राखायचं काम त्यांनी घेतलं होतं. रोज रात्री, कामधंदे आटोपून, ही माणसं आपापल्या गावी खुर्चीत बसून एका नसलेल्या दरवाजावर पहारा द्यायची.

"पगार काय मिळायचा?" अनयने विचारलं.

"मध्ये बोलायचं नाही ठरलं ना आपलं?"

या टोळीचा म्होरक्या श्रेयस. तिथे त्याला सगळे 'नाईक' म्हणायचे. कंपनीत तो कुणी नव्हता. शिफ्ट बदलली तरी कुणी त्याला विचारत नसे. तिथे मात्र नाईक आला की पहारेकरी उठून उभे राहायचे. आणि नाईक फार कडक. कुणाचं खरं नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. मुख्य रिवाज कंदिलाचा. प्रत्येक पहारेकऱ्याच्या हातात कंदील. तो हातात आहे तोवर बोलाल ते पात्राचं. घरचं, खरं काही बोलायचं असेल तर आधी कंदील जमिनीवर ठेवायचा, मग बोलायचं. हा रिवाज श्रेयसने घालून दिला होता. ऐन प्रसंगात कुणीतरी 'गॅस संपलाय रे' म्हणायचं आणि सगळा रंग उतरायचा, म्हणून. स्वतः त्याने तर कंदील कधीच खाली ठेवला नाही. त्याचा त्याला अभिमान होता.

टोळीत येसबा नावाचा म्हातारा पहारेकरी होता. फार गोड बोलायचा. कार्तिकातल्या एका रात्री त्याची पाळी वेशीबाहेर होती. दार बंद. आत नाईक आणि बाकीचे. मध्येच येसबा म्हणाला, "नाईक, छातीवर कोणीतरी बसलंय. उठत नाय. दार उघडा."

कंदील हातात होता.

नाईक म्हणाला, "पहारेकऱ्याने वेळ सोडायची नसते, येसबा. दार पहाटे उघडतं."

"मी बाहेर हाय नाईक. कोणी हाय का आत?"

मग सगळेच रंगात आले. कुणी म्हणालं, रात्र म्हणजे पहारेकऱ्याची आईच. कुणी म्हणालं, छातीवर बसलंय ते तुझं वय आहे, बाबा. एकापेक्षा एक वाक्यं. येसबा म्हणाला, "बरं नाईक." त्यानंतर काही बोलला नाही. कंदील धरून उभाच राहिला. असा प्रसंग गेल्या कित्येक महिन्यांत जमला नव्हता, असं सगळ्यांचं मत पडलं.

पुढे बरेच दिवस येसबा आलाच नाही. मग एका रात्री आला आणि म्हणाला, "प्रविण वारला. मी त्याची बहीण. तुम्ही कोण लोक आहात?"

तिला बिचारीला कंदिलाचं काय माहीत? तो हातातच होता. तेव्हा पोरांना तीही गोष्टच वाटली. एक जण म्हणाला, हा प्रविण कुठल्या राज्यातला?

बाळकाका थांबले. अनय एक पायरी खाली सरकला.

तिने शेवटी फोन नंबर टाइप केला, तेव्हा कुठे कळलं. येसबा म्हणजे पेणचा प्रविण. वय तिशीच्या आतलं. गणपतीच्या कारखान्यात आखणीचं काम करायचा, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं. लहानपणापासून दमा. बहिणीचं नाव शांती. तिने श्रेयसला सांगितलं, कॉम्प्युटर शेजारच्या शाळेला देऊन टाकतोय. त्याचं जे काय त्यात असेल ते येऊन काढून घ्या. टोळीनेही ठरवलं की येसबाला एकदा वेशीवर उभा करायचा, त्याचा कंदील खाली ठेवायचा आणि खातं कायमचं बंद करायचं. तो त्यांचा निरोप. ते नाईकाने करावं.

पण श्रेयस पेणला निघाला तो एवढ्यासाठी नाही. त्याला एकच गोष्ट हवी होती. येसबा त्या रात्री खेळत होता, की सांगत होता? तो खेळत होता, असं कुणीतरी म्हणावं, म्हणजे झोप तरी लागेल.

नागोठणं, वडखळ करत तो पेणला पोचला तेव्हा दुकानं बंद होत होती. शांतीने दार उघडलं. आत तिची आई गिरजाबाई खाटेवर बसली होती.

"हेच काय गो नाईक?" म्हातारीने विचारलं. "मला वाटलं मिशीवाला बाप्या असंल. हा तर पोर हाय."

श्रेयस खाली बसला.

"रोज सांगायचा माझा प्रविण. आज नाईक असं बोलले, आज नाईक रागावले. त्या राती मी हितंच निजले होते, ह्या भिंतीच्या पल्याड. शांतीची रातपाळी. आवाज नाय आला बाबा मला. दम कोंडला की त्याचा आवाजच बंद व्हायचा. फोन तिकडं दाराशी लावलेला. सकाळी बघते तर हात त्या बटणांवरच." तिने पदराने नाक पुसलं. "पण तुम्ही सगळी होतात ना बोलायला. एकटा नव्हता तो. तेवढंच बरं वाटतं."

श्रेयसला कळायचं ते कळलं. आवाज नव्हता, फोन लांब होता, हाताशी फक्त बटणं होती. आणि कंदील खाली ठेवायचा तर आधी पात्राच्या सामानाची झोळी उघडा, तिच्या यादीत कंदील शोधा, मग ठेवा. श्वास अडकलेल्या माणसाने हे करावं, असा रिवाज त्याने स्वतः घातला होता.

सांगून टाकावं असं त्याच्या ओठावर आलं. पण म्हातारीकडे तेवढं एकच सुख उरलं होतं. ते कसं काढून घ्यायचं?

"चहा टाकते," शांती म्हणाली. "तुम्ही तुमचं काम बघा."

प्रविणची खोली बारकी. टेबलावर कॉम्प्युटर, पेल्यात बारीक कुंचले. श्रेयसने आपला फोन दाराशी चार्जिंगला लावला आणि प्रविणच्या खुर्चीत बसला. खेळ उघडला. येसबा जिथे होता तिथेच होता. वेशीबाहेर. हातात कंदील. समोर बंद दार.

श्रेयसने झोळी उघडली. कंदील खाली ठेवायची खूण दाबली.

ठेवला गेला नाही.

पुन्हा दाबली. नाही.

मशीन जुनं आहे, त्याने मनाशी म्हटलं. दिवसभराचा थकवा त्याच्या डोळ्यांत उतरला होता. तेवढ्यात तटावर उजेड हलला. कुणीतरी चालत येत होतं. तांबडं मुंडासं. कमरेला आखूड तलवार. ते पात्र दारावर येऊन थांबलं आणि वाकून खाली पाहू लागलं.

डोक्यावर नाव होतं. नाईक.

"म्हणजे तोच?" इशिता हळूच म्हणाली.

तोच. आणि तो तर इथे बसलेला. त्याचं खातं दुसऱ्या कुणाला उघडता येत नव्हतं. त्याचा कॉम्प्युटर वरशात, बंद घरात. किल्ली काकांच्या खुंटीला. आणि त्या रात्री वरशात वीजच नव्हती, पोरांनो. अशीच, आजच्यासारखी, संध्याकाळपासून गेलेली.

नाईक म्हणाला, "पहारेकऱ्याने वेळ सोडायची नसते, येसबा."

श्रेयसने टाइप केलं, "कोण आहे?"

"दार पहाटे उघडतं."

"कोण आहेस तू..."

नाईक तसाच वाकून बघत राहिला.

आणि मग त्याच्या छातीवर काहीतरी आलं. आधी हात ठेवावा तसं. मग बसावं तसं. त्याने श्वास घ्यायला तोंड उघडलं. आत काही गेलं नाही. शांतीला हाक मारायची होती. स्वयंपाकघरात कपबशी वाजली. इतकी जवळ. हाक आली नाही. फोन... दाराशी. उठायला गेला. पाय नव्हतेच जणू.

हात तेवढे चालत होते.

"दार उघडा."

नाईक उभा.

"छातीवर कोणीतरी बसलंय..."

नाईक उभा.

झोळी. कंदील. खाली... नाही. पुन्हा. नाही.

"मी बाहेर हाय..."

ही वाक्यं त्याला आठवत होती. पण ती त्याने वाचली होती. लिहिली नव्हती.

पडदा अंधारत चालला. का डोळेच... काजळनगराच्या तटावर तेवढा एक उजेड. तो बघत होता. नुसता बघत होता...

मग उजेड खाली गेला.

हळूच. नाईकाने कंदील जमिनीवर ठेवला.



मग अक्षरं आली. एकेक करून, पेणच्या बोलीत.

"दादा, हे खेळातलं हाय, का तुला खरंच बरं नाय वाटत?"

छातीवरचं ओझं उठलं. श्रेयसने श्वास घेतला, तो इतका मोठ्याने की शांती धावत आली. तिच्या हातातला चहा हिंदकळला. त्याचा शर्ट घामाने चिकटला होता. पडद्यावर खेळ बंद झालेला. पुन्हा उघडून पाहिला तर येसबाच्या नावापुढे 'असं खातं नाही' एवढंच येत होतं.

"तो खेळत नव्हता," श्रेयस म्हणाला. "आम्हाला सांगत होता. मला सांगत होता. मी सुंदर वाक्य बोललो."

शांतीने कप टेबलावर ठेवला.

"मला माहीत हाय," ती म्हणाली. "वाचलंय मी ते. सकाळी पडद्यावर तसंच होतं सगळं." ती भिंतीपलीकडे कान देऊन थांबली. "आईला सांगू नका. तिचं तेवढं राहू दे. तुम्ही मात्र विसरू नका."

श्रेयस पहाटे वरशाला परतला. काकांनी खुंटीवरची किल्ली स्वतःच्या हाताने काढून दिली. त्याच्यासोबत वर गेले, कारण पोराचा चेहरा धड दिसत नव्हता. कुलूप जसंच्या तसं. कॉम्प्युटर थंडगार. थोड्या वेळाने वीज आली.

त्याने खेळ उघडला. हे काकांनी स्वतः पाहिलं. नाईक दारात उभा होता, आणि त्याचे हात रिकामे होते. वेशीचं दार सताड उघडं. उंबऱ्यावर एक कंदील जळत होता. त्या खेळात जमिनीवर ठेवलेली वस्तू थोड्या वेळाने आपोआप नाहीशी होते. हा कंदील अजून तिथेच आहे म्हणतात. कुणाला उचलता येत नाही.

श्रेयसने टोळीतल्या अनन्याला फोन लावला; प्रविणचं कळल्यावर टोळीने एकमेकांना खरी नावं आणि नंबर देऊन ठेवले होते. ती साताऱ्याची, रात्री बहुतेक जागीच असायची. फोनचा आवाज त्याने मोठा ठेवला होता, काका शेजारीच उभे होते.

"काल रात्री दारावर नाईक कोण होता?" त्याने विचारलं.

"म्हणजे काय, तूच की," अनन्या म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कंदील खाली ठेवलास. मला वाटलं, दमला असशील."