रात्री एकचा उजेड

लाईट येईपर्यंत बसा इथेच. आणि तो लॅपटॉप मिट बघू, त्याच्या उजेडात गोष्ट सांगता येत नाही. मिटलास? नुसता झोपवलायस ना, बंद नाही केलास? हं. मग ऐकाच.

ही गोष्ट पडक्या विहिरीची नाही की स्मशानाची नाही. तुमच्या फोटोवाल्या काकांची आहे. माझा तो धाकटा साडू, म्हणून मी त्याला अरेतुरे करतो. तुम्ही करू नका. त्याने मला हे सांगितलं तेव्हा तो पूर्ण शुद्धीत होता, आणि थापा मारायची अक्कल त्याला पहिल्यापासून नाही.

डिसेंबरचा दुसरा शनिवार होता. साडू संध्याकाळी गाडी घेऊन वडिलांच्या गावी निघाला. काम साधंच होतं. वडील जाऊन दोन महिने झाले होते, घर भाड्याने द्यायचं ठरलं होतं, आणि भाडेकरू यायच्या आत वडिलांचा कॉम्प्युटर तेवढा उचलून आणायचा होता. बाकी सामान आधीच हललं होतं. एक खाट, एक टेबल, एक खुर्ची आणि कॉम्प्युटर, एवढंच मागे उरलं होतं.

वडील शिंपी. शिलाई मशीन विकून टाकलं तरी त्यांच्या खिशात कडा दुमडून शिवलेला कापडाचा तुकडा असायचाच. चष्मा त्यानेच पुसायचे, कॉम्प्युटरची काचही त्यानेच. आधी काचेवर तोंडाने ‘हा’ करून वाफ धरायची, मग सावकाश गोल गोल पुसायचं. मुलाचा चेहरा स्वच्छ दिसायला हवा ना.

तो कॉम्प्युटर साडूनेच त्यांना दिला होता, आई गेली त्या वर्षी. आता तुम्हा पोरांना हे मी काय सांगणार, पण कॉम्प्युटर झोपला तरी त्याचा एक कान जागा असतो. मागे नेटची वायर लावलेली असते, तिथे एक हिरवा दिवा मिणमिणत असतो. दुसऱ्या गावातून नेटवरून बरोबर त्याच्याच नंबराने हाक मारली, की तो उठतो. साडूने तशी सोय करून ठेवली होती.

“बाबा, तुम्ही काही दाबायचं नाही. स्क्रीन आपोआप लागली की समजायचं, मी हाक मारली. समोर येऊन बसायचं. मी दिसेन.”

“आणि मी झोपलेला असलो तर?”

“तर मी थांबेन की.”

पहिले काही महिने दर रविवारी हे चाललं. वडील इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. मग साडूची कामं वाढली. एक रविवार चुकला, दोन चुकले, आणि पुढे रविवार हा नुसता वार उरला.

त्यातच त्याच्या फोटो स्टुडिओतला कॉम्प्युटर बिघडला आणि एका लग्नाचे सगळे फोटो गेले. नवरीच्या आईने काय काय ऐकवलं ते मी सांगत नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसा साडू सावध झाला. फोटोंची दुसरी प्रत दुसऱ्या गावात हवी, असं त्याने ठरवलं. वडिलांचा कॉम्प्युटर रिकामाच होता. मग रोज रात्री एक वाजता स्टुडिओतून आपोआप हाक जायला लागली. वडिलांचा कॉम्प्युटर उठायचा, फोटो उतरवून घ्यायचा आणि पुन्हा झोपायचा. साडू तेव्हा घरी घोरत असायचा. सोय झकास होती. फक्त वडिलांना सांगायचं राहून गेलं.

आलं ना लक्षात? त्याच्या नाही आलं.

घराची किल्ली समोरच्या नर्सबाईंकडे होती. खुर्चीत बसल्या जागी गेलेले वडील पहिल्यांदा त्यांनीच पाहिले होते. त्यांनी किल्ली दिली, पण हात मागे घेतला नाही.

“एक विचारू का? राग मानू नका,” त्या म्हणाल्या. “मी रात्री ड्यूटीवरून यायचे, तर तुमच्या खिडकीत उजेड असायचा. आजोबा केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले असायचे. रोज. थंडीतसुद्धा. सकाळी विचारायचे मी, काय म्हणाला मुलगा? तर म्हणायचे, ‘कामात होता, बोलला नाही. पण हाक मारतो रोज. आठवण आहे त्याला.’ मला मेलीला काही कळायचं नाही. हाक मारायची आणि बोलायचं नाही, असं कसं?”

आता आलं साडूच्या लक्षात. वर्षभर त्याने म्हाताऱ्याला रोज मध्यरात्री उठवून बसवलं होतं, आणि एक शब्द बोलला नव्हता. त्याने किल्ली घेतली आणि तो आत गेला.

कॉम्प्युटर उचलून लगेच निघायचा त्याचा बेत होता. पण तो खाटेवर बसून राहिला. सगळीकडे धूळ होती. मागचा हिरवा दिवा मिणमिणत होता. स्टुडिओतून जाणारी हाक त्याने वडील गेले त्याच दिवशी बंद केली होती, तरी उठून त्याने नेटची वायर काढली. हिरवा दिवा विझला. मग तो आडवा झाला. झोप कसली येते. आपण केव्हा तरी सांगितलं असतं तर, एवढंच डोक्यात घुमत होतं.

एक वाजला.

टुण.

स्क्रीन लागली.

वायर जमिनीवर पडलेली होती. त्याने डोळे चोळून पाहिली. जमिनीवरच होती… तो उठला, भिंतीतला प्लग ओढून काढला. अंधार. सगळं शांत.

प्लग हातात धरून तो भिंतीशी उभा राहिला.

मग खाटेजवळ चपला सरकल्या. सावकाश. एक पाय जरा ओढत… वडील चालायचे तशा. खाट ते टेबल. खुर्ची करकरली. कुणीतरी बसलं.

“हा…”

काचेवर कापड फिरायला लागलं. गोल. गोल.

साडू अंधारात बोलला.

“बाबा… ती हाक माझी नव्हती हो. फोटो उतरत होते नुसते. मी झोपलेलो असायचो… चुकलं माझं. तुम्ही झोपा.”

कापड थांबलं.



मग पुन्हा. “हा…”

ऐकू गेलं नसेल, किंवा ऐकूनही खरं वाटलं नसेल. म्हातारा काच पुसत राहिला. मुलगा दिसायचा होता ना अजून.

उजाडल्यावर साडूने तो कॉम्प्युटर गाडीत घातला आणि आपल्या स्टुडिओत आणला. फेकवेना त्याला. कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवलाय. प्लगची वायर गुंडाळून रबर लावलंय, मी स्वतः पाहिलंय. तेव्हापासून रोज रात्री एक वाजता तो शर्ट बदलून त्याच्यासमोर जाऊन बसतो. दिवसभरात कुणाचे फोटो काढले, कोण डोळे मिटून आलं, सगळं सांगतो. मग घरी येऊन झोपतो. तुमची मावशी पहिल्यांदा भांडली, आता काही म्हणत नाही. आपल्या ताईच्या लग्नात हे काका आदल्या रात्री बारालाच उठून गेले, आणि तुम्ही सगळे रुसलात. आता कळलं का गेले?

तो बसतो त्या रात्री काहीच होत नाही. मी म्हटलं, अरे मग सोड की, मनाचे खेळ आहेत. तरी एक वाजला की तो जायचाच.

परवा माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा तो माझ्याजवळ दवाखान्यात थांबला. मीच गळ घातली. एक वाजता तो उठून उभा राहिला, मी त्याचा हात धरून खाली बसवला. ती माझी चूक. सकाळी दवाखान्यातून निघालो ते सरळ स्टुडिओत. रात्रभर कुलूप होतं. त्याने माझ्यासमोर काढलं, माझ्यासमोर शटर वर केलं.

एका डोळ्याला पट्टी होती माझ्या. एकाच डोळ्याने पाहिलं, पण पाहिलं.

वायरला रबर तसंच होतं. काचेवर महिन्याभराची धूळ होती. तो कधी पुसत नाही, त्याची हिंमत होत नाही. आणि मधोमध चेहऱ्याएवढी गोल जागा लख्ख पुसलेली…

काठाला वाफ अजून तशीच होती.