तीन हाका

कॅनडातल्या थंडर बेच्या धान्यगोदीत हेल्मी कोस्की बावीस वर्षं नेटवर्क सांभाळत होती. तिचं ऑफिस एका टोकाला, गव्हाची कोठारं आठ किलोमीटर दूर. मध्ये फायबरच्या दोन तारा. पहिली तुटली की दुसरीने काम चालायचं. पण पहिली तुटलीय हे स्विचना, म्हणजे तारा जोडलेल्या नेटवर्कच्या पेट्यांना, कळायलाच चाळीस सेकंद लागायचे. मागच्या आठवड्यात तेवढ्या वेळात भरणीचा पट्टा थांबवता आला नाही आणि पाच टन गहू सरोवरात गेला. सीगल पक्षी अजून तिथून हलायला तयार नव्हते.

आज दुपारी नवं जहाज लागायच्या आत हे निस्तरायचं होतं. हेल्मीने दोन्ही टोकांच्या स्विचना शिस्त लावली : सेकंदाला वीस वेळा एकमेकांना हाक मारायची. लागोपाठ तीन हाकांना ओ आली नाही, तर पलीकडचा गेला समजून दुसरी वाट धरायची.

"लॉर्न, उपट पहिली तार," ती टेबलावरच्या फोनवर म्हणाली.

कोठाराकडे बसलेल्या लॉर्न पेल्टिएच्या तोंडात गुलाबी साखरेचा पाव होता. "उपटली."

पडद्यावर पहिल्या तारेवरून ओ येतच होती.

"चुकीची उपटलीस."

"बाई, आयुष्यात एकच चूक केली, तुझ्या हाताखाली आलो. तार हातात आहे माझ्या."

"मग स्विचच बंद कर."

"केला. पंखासुद्धा थांबला. झालं समाधान?"

ओ येतच होती. अगदी वेळेवर.

हेल्मी घाबरणाऱ्यांतली नव्हती. ओ यायला किती वेळ लागतो, त्यावरून अंतर काढता येतं. तिने एका पाकिटाच्या पाठीवर आकडेमोड केली. आठ किलोमीटर. बरोबर. खात्रीसाठी पुन्हा केली.

पाच.

"लॉर्न, गाडीत बसलास का तू?"

"खुर्चीत बसलोय. पाव खातोय. का?"

दोन किलोमीटर. म्हणजे रेल्वे फाटक. मग सहाशे मीटर.

"अगं, शिव्या तरी दे," लॉर्न म्हणाला. "त्याशिवाय मला पाव गोड लागत नाही."

चाळीस मीटर. म्हणजे जिना.

हेल्मीने आपल्याकडची तारही उपटली. तिचं टोक हातात लोंबत होतं.

चार मीटर.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिने हात लांबवून स्विचचं बटणच दाबलं. पंखे घरघरत थांबले, त्याचे सगळे दिवे विझले, पडद्यावरची ओ बंद झाली.

तिला हायसं वाटलं. आपल्याच भित्रेपणाचं हसूही आलं.

"लॉर्न, आहेस ना रे?"

"आहे की," फोनमधून लगेच उत्तर आलं.

तिने फोनकडे पाहिलं. त्याचा छोटा पडदा काळा पडला होता. त्याची वायर टेबलावरून खाली, कपाटात गेली होती. आत्ताच बंद केलेल्या त्याच स्विचमध्ये.

"आहे की," लॉर्नचा आवाज पुन्हा म्हणाला. "तू आहेस ना?"