ठोका कोण देते?

"गजूभाऊ, दोघंही एकमेकाच्या मागं चालले, तर पुढं कोण राहते?"

डोणगावच्या स्टँडजवळ गजेंद्रचं साउंड सर्व्हिसचं दुकान होतं. तिथं बसलेल्या पोरांसमोर हा प्रश्न विचारून दाखवायचा, अशी काजल आणि छकुली या मैत्रिणींची पैज होती. विचारला तर कचोरी. महामायाने पैज घेतली आणि दुकानाची पायरीही चढली. दहावीचा निकाल लागला होता, बुलढाण्याच्या होस्टेलला नंबर लागला होता, आणि महिनाभरात तिचा आवाज असा काही मोकळा झाला होता की तिचं तिलाच नवल वाटायचं.

पोरं फिसकन हसली.

"मेंढ्याचं विचारून राह्यली का वं?" एक जण म्हणाला.

"तुह्यं नाई विचारून राह्यली, कंप्युटरचं विचारून राह्यली," महामायाने ठणकावलं. बाहेर काजलने टाळी दिली.

मग तिने सगळं नीट सांगितलं. दादाच्या कंप्युटरवर ढोलकीचा प्रोग्राम, तिच्या लॅपटॉपवर गाणं रेकॉर्ड करायचा. मध्ये वायर. एकाने मिडी क्लॉक पाठवायचा, म्हणजे ठोका द्यायचा. दुसऱ्याने तो धरून मागे चालायचं. दादा होता तेव्हा ठोका कायम त्याचा, ती मागे. त्या सवयीनेच चूक झाली. ती आधी लॅपटॉपपुढे बसली, मग दादाच्या खुर्चीवर, आणि दोन्हीकडे तिने 'बाहेरचा ठोका घ्या' हेच निवडलं.

"मंग काहीच वाजणार नाई," वायरीला डाग देता देता गजेंद्र म्हणाला. "दोघंबी एकमेकाच्या तोंडाकडं पाहत बसतीन. पहले आप, पहले आप."

"वाजून राह्यलं ना पण."

गजेंद्रचा हात थांबला. गेल्या वर्षी सुलतानपूरच्या रोडवर त्याचीच गाडी उलटली होती. तो पुढे बसला होता. महामायाचा दादा सागर मागे, स्पीकरच्या पेट्यांवर.

"वायर काढून पाह्य," तो मान वर न करता म्हणाला.

घरी येऊन तिने वायर काढली. ढोलकी चालूच राहिली.

घाबरायला हवं होतं. पण ती ढोलकीवर गातच राहिली, आणि तिसरं कडवं आलं. सागरने चाल बांधलेलं हे भीमगीत अर्धवट राहिलं होतं. परवा त्याला जाऊन वर्ष होत होतं; त्या पुण्यानुमोदनाला ते वाजवायचं आणि सोमवारी बुलढाण्याची गाडी धरायची, असं तिने ठरवलं होतं. तिसऱ्या कडव्यात एक लांबलचक ओळ होती. तिथे तिचा दम हमखास तुटायचा. सागर तिथे केसभर रेंगाळायचा. "घे दम, माया, घे," असं डोळ्यांनीच म्हणायचा. कंप्युटर रेंगाळत नसतो, त्याला दमाचं काय कळतं? पण ती ओळ आली आणि पडद्याच्या कोपऱ्यातला लयीचा आकडा शहाण्णववरून हळूच खाली सरकला. तिने श्वास घेतला. आकडा परत वर आला.

"दादा!" ती ओरडलीच.

आई पिठाच्या हातांनी दारात आली. वर्षभरात ती या खोलीत शिरली नव्हती, आणि घरात चार शब्दांच्या वर बोललीही नव्हती. चौकटीला टेकून तिने डोळे मिटले.

"पोरगं वाजवून राह्यलं," ती म्हणाली.

बाहेरच्या खोलीतली शिलाई मशीन थांबली. आता बाबा येऊन रागावणार, हे महामायाला ठाऊक होतं. कोणाच्या अंगात आलं की प्रेमानंद टेलर भर चौकात वाद घालायचे; भूत दाखवा आणि माझी मशीन घेऊन जा, म्हणायचे. ते आले. कानावर पेन्सिल, हातात तिच्या कॉलेजच्या ड्रेसची एक बाही. थोडा वेळ ऐकत उभे राहिले.

"आवाज वाढव," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी आई दोनदा हसली. महामायाला वाटलं, जगात आपल्याइतकं सुखी कोणी नसेल.

दुसऱ्या दिवशी काजल कचोऱ्या घेऊन आली. दारातच थबकली.

"काय झालं वं?"

"तुमी तिघं असे काऊन करून राह्यले? लग्नातल्या बँडवानी."

"कसे?"

"असेच. सारे संगच." काजल हसली, पण हसणारी ती एकटीच होती. कचोऱ्यांचा पुडा ओट्यावर ठेवून ती चहाही न घेता निघाली. गेटपाशी तिने एकदा वळून पाहिलं आणि मग पळालीच.

तेव्हा महामायाला ऐकू आलं.

आईचा हात भाकरीवर पडत होता. थप. थप. बाबांचा पाय मशीनच्या पायट्यावर पडत होता. ती स्वतः हंडा घेऊन अंगणातून येत होती, आणि तिचं पाऊल तिथेच पडत होतं. त्याच जागी. आतल्या ढोलकीच्या ठोक्यावर.

तिने पाऊल मुद्दाम लवकर टाकायचा प्रयत्न केला. पाय उचलला गेला. खाली आला तो ठोक्यावरच.

खोलीत जाऊन तिने आकडा पाहिला. बहात्तर. गाणं कधीचं संपलं होतं, तिने परत सुरू केलं नव्हतं, आणि तरी नुसती ढोलकी चालली होती. ती बघत असतानाच आकडा एकाने उतरला. यावेळी तो परत वर आला नाही.

दम आपला होता, असं तिला कालपर्यंत वाटत होतं. तो आपल्यासाठी थांबतो, असं वाटत होतं. आता तिने छातीवर हात ठेवला. आकडा उतरला की मागोमाग श्वास उतरत होता.

तिने दोन्ही कंप्युटर बंद करायचं ठरवलं. भर दुपार होती. खिडकीतून आई चुलीपाशी दिसत होती, दारातून बाबा.

आधी ढोलकीच्या प्रोग्रामचं चालू-बंदचं बटण दाबलं.

ढोलकी थांबली.

आईचा हात परातीच्या वर तसाच राहिला. मशीनचं चाक अर्ध्या फेऱ्यात अडलं. बाबांच्या बोटांत तिच्या ड्रेसची बाही, सुई कापडाच्या वर.

"आई?" तिला म्हणायचं होतं. आवाज निघाला नाही. श्वासच नव्हता.

बाहेर सगळं चालू होतं. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. आईच्या मनगटावर माशी बसली, उडाली, परत बसली. तव्यावरची भाकरी काळी पडू लागली.

आईची पापणी लवली नाही.

महामायाच्या डोळ्यांपुढे अंधार यायला लागला. फक्त बोट तेवढं बटणावर होतं.

ते तिने दाबलं.

ठोका पडला. आईचा हात खाली आला.

"भाकर जळली वाटते," आई म्हणाली.

आकडा आता अठ्ठावन्न होता.

संध्याकाळी बाबांनी शिवून झालेला ड्रेस घडी करून तिच्या पिशवीवर ठेवला. तिघं जेवायला बसली. तीन हात ताटाकडे गेले, तीन घास एकदम वर आले. दोन ठोक्यांच्या मध्ये आता बरीच जागा झाली होती. वीज गेली तर ढोलकी कशी चालेल, कोणी नुसतं पुसताना धक्का लावला तर काय, आपण बुलढाण्यात असलो तर बटण कोण दाबेल, या सगळ्याचा विचार त्या जागेत मावत होता.

"सोमवारची गाडी किती वाजताची हाय, माया?" बाबांनी विचारलं. मध्ये थांबत, एकेक शब्द ठेवत.

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे. आई हसत होती. वर्षभरानंतर आई हसत होती.

उत्तर ओठांवर होतं, पण लगेच देता येत नव्हतं. तिने ठोक्याची वाट पाहिली. तो आला, तेव्हा ती बोलली.

"आई, बाबा, मी बुलढाण्याले जात नाई. मी इथंच राहीन, या खोलीत."