आचलच्या अकरा फ्रेमा

तुम्ही खोदून विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर ही गोष्ट मी कोणापुढे काढत नाही. लग्नाच्या कॅसेटी जोडून त्यांची सीडी करून देणं, हा तेव्हा माझा वडशातला धंदा. शूटिंग माझा जोडीदार निकेश करायचा, गावोगाव तोच हिंडायचा. मी दुकानात कॉम्प्युटरसमोर. पडद्यावर उजेड पडू नये म्हणून खिडकीला काळा कागद चिकटवलेला, त्यामुळे माझ्याकडे भर दुपारीही अंधारच. शेजारी राइस मिल होती. उकड्या धानाचा आंबूस वास दिवसभर नाकात बसलेला असायचा.

साल दोन हजार पाच. टेपवर कधी रेघा येतात, कधी चित्र फाटतं. एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात, त्यांना आम्ही फ्रेमा म्हणायचो. खराब फ्रेम काढायची आणि तिच्या जागी आधीची चांगली फ्रेम चिकटवायची. पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. या कामात माझा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही, असं मी छाती फुगवून सांगत असे.

आचलच्या लग्नाची कॅसेट निकेशने आणून दिली, आणि तिच्यामागोमाग नवरदेवाचा मोठा भाऊ मिथुन दुकानात आला. म्हणाला, "मंगलाष्टकात एका जागी फ्रेमा खराब हायेत. तेवढ्या बदलून द्या न, भाऊ."

मी पाहिलं. टेप अगदी स्वच्छ होती. अक्षता पडत होत्या, नवरी मान खाली घालून उभी होती, आणि शेवटच्या 'सावधान'ला तिने मान वर केली, ओठ उघडले. बँडच्या गलक्यातून एकच शब्द आला. "नाई."

अकरा फ्रेमा. मला स्पष्ट ऐकू आलं होतं. मी मिथुनकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मी मान खाली घातलेली एकच फ्रेम अकरा वेळा चिकटवली, वरून बँडचा आवाज चढवला आणि दोघांसाठी चहा मागवला. मूळ कॅसेटवर पुढच्या आठवड्यात दुसरं लग्न भरलं. आम्ही कॅसेटी तशाच वापरायचो.

पावसाळा सरता सरता आचल सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं सगळ्यांनी सांगितलं.

दिवाळीनंतर एका दुपारी तिचा बाप आला. इस्तारीभाऊ. तळ्यावर मासे धरणारा माणूस, बोटं दोऱ्याने चिरलेली. दुपट्ट्यात गुंडाळून त्यांनी ती सीडी आणली होती. "एकदा लावून द्या, भाऊ."

मी लावली. अक्षता पडू लागल्या तसं त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"थांबवा. इथी गाठ हाये."

"कसली गाठ?"

"जाळं फाटलं का मी गाठ मारतो. दुसऱ्याले दिसत नाई, मले दिसते. इथी माही पोरगी थांबली... काऊन थांबली?"

ते आणखी जवळ सरकले. आवाज अगदी बारीक झाला.

"मी तिच्या मामाच्या बाजूलेच उभा होतो. मले आयकू आलं... का भास झाला? मामा म्हनते, भास हाये. तसं काई नव्हतं ना, भाऊ? तुमी तं पाह्यलं. नव्हतं म्हना..."

तो माणूस खरं ऐकायला आलाच नव्हता. 'नव्हतं' एवढं म्हटलं की त्याला जगता येणार होतं. मला त्याची दया आली, आणि खरं बोलायचं तर त्याच्यापेक्षा स्वतःची जास्त.

"काही नव्हतं," मी म्हणालो. "टेप खराब होती. रेघा आल्या होत्या."

इस्तारीभाऊंनी हात जोडले. "बरं झालं... लई बरं झालं." डोळे पुसून म्हणाले, "आता होऊ द्या पुढं."

मी बटण दाबलं. बँड वाजत होता, तो एकाएकी थांबला. आवाज मात्र बंद झाला नव्हता. अक्षता जमिनीवर पडल्याची सळसळ येत होती, जी मी त्या सीडीत ठेवलीच नव्हती. मिलचा वास नाहीसा झाला. त्याच्या जागी ओल्या दगडाचा, शेवाळाचा वास खोलीत भरला... आचलने मान वर केली. अकरा फ्रेमांत नव्हे. सावकाश... फार सावकाश. कॅमेऱ्याकडे तिने पाहिलंच नाही. वळून मागे उभ्या बापाकडे पाहिलं.

"बाबा... नाई."

मग बँड पुन्हा सुरू झाला.

इस्तारीभाऊ उठले. सीडी मागितली नाही. दारात थांबून म्हणाले, "तवा बी असंच म्हनली. मी आयकून न आयकल्यासारखं केलं. तुमी बी तेच केलं." आणि उन्हात निघून गेले.

मी ती जागा दहा वेळा लावून पाहिली. मान खालीच. शेवटी एकेक फ्रेम पुढे सरकवली. एकाच चित्राच्या अकरा नकला त्या, फरक पडायचं कारणच नाही. दहा फ्रेमांत आचलच्या मागे मामा आणि इस्तारीभाऊ, दोघेच. अकरावीत त्यांच्या बाजूला तिसरा माणूस उभा आहे, अक्षतांची मूठ उघडून, हात वर केलेला. ते लग्न झालं त्या गावात मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही. पण तो मीच आहे, आणि हसतो आहे.