दम्याने आकडा कसा उतरला?

भास्करमामाला लहानपणापासून दमा आहे हे कळताच शतकच्या छातीवरच्या पडद्यावरचा आकडा अकरावरून सहावर उतरला, आणि बारा वर्षांची मृणाल चक्रावून गेली.

शतक हा तारामती रुग्णालयाचा यंत्रमानव. दाखल होणाऱ्या प्रत्येकाला तो तीस प्रश्न विचारायचा, ताप, नाडी आणि रक्तातला प्राणवायू मोजायचा आणि मग आकडा दाखवायचा. मामाला न्यूमोनिया (जंतूंमुळे फुप्फुसांना येणारी सूज) झाला होता. मृणालची आई नोंदणीच्या खिडकीशी उभी होती.

"आकडा कमी म्हणजे धोका कमी ना?" खोकत खोकत मामा हसला. "बघ मृणाल, दमासुद्धा कामाला येतो कधी कधी!"

"सर्वसाधारण कक्ष," शतक म्हणाला. "डॉक्टर संध्याकाळी तपासतील."

मृणालला हे काही पटेना. दिवाळीच्या धुराने मामाचा जीव कसा कासावीस होतो, हे तिने पाहिलं होतं. दमा फुप्फुसांचा, न्यूमोनियाही फुप्फुसांचा. दोन दुखणी एकत्र आल्यावर धोका घटेल कसा? ती तडक डॉक्टर फुलझेले यांच्या खोलीत शिरली.

"डॉक्टर, शतकचा आकडा म्हणजे नक्की काय?"

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. "हे बघ, मामासारखेच शंभर रुग्ण डोळ्यांपुढे आण. तेवढंच वय, तेवढाच ताप. पूर्वी अशा शंभरातले अकरा दगावले असतील, तर शतक अकरा दाखवतो. याला संभाव्यता (एखादी गोष्ट घडण्याची शक्यता किती, याचं माप) म्हणतात. मामाचं काय होणार, हे त्यात लिहिलेलं नसतं. आधी कुणाकडे धावायचं, एवढंच त्यावरून कळतं."

"मग दम्याने आकडा खाली का गेला?"

डॉक्टर संगणकाकडे वळल्या. त्यांनी जुन्या नोंदी भराभर उघडल्या. न्यूमोनियाचे चार हजार रुग्ण. त्यांतले तीनशे बारा दम्याचे, आणि त्यांच्यातले खरोखरच फार थोडे दगावले होते.

"पण त्यांना ठेवलं कुठे होतं?" मृणालने विचारलं.

डॉक्टरांनी आणखी एक रकाना उघडला आणि कपाळावर हात मारला. जवळपास सगळेच थेट अतिदक्षता विभागात! दमा म्हटल्यावर आधीचे डॉक्टर घाबरले होते आणि त्यांनी या रुग्णांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं होतं. ते वाचले ते या काळजीमुळे. शतकला मात्र शिकताना हा रकाना दाखवलाच नव्हता. कुणाला दमा होता आणि कोण वाचलं, एवढंच त्याने पाहिलं आणि दम्यालाच तारणहार ठरवलं.

"चूक त्याची नाही, त्याला शिकवणाऱ्यांची, म्हणजे आमची आहे," म्हणत डॉक्टर धावल्याच. "भास्कररावांना अतिदक्षता विभागात हलवा! आणि दम्याच्या इतर रुग्णांकडेही आत्ताच बघा!"

दुपारी चारच्या सुमाराला मामाला जोराची धाप लागली. ओठ निळसर झाले. परिचारिका शेजारीच होती. तिने क्षणात प्राणवायूचा मुखवटा चढवला, डॉक्टरांनी श्वासनलिका मोकळी करणारं औषध दिलं. काचेपलीकडे मृणालने आईचा हात घट्ट धरला होता. अर्ध्या तासाने मामाने अंगठा वर केला, तेव्हा कुठे दोघींचा जीव भांड्यात पडला.

चौथ्या दिवशी मामा पिठलं-भाकरी मागू लागला. तोवर शतकला नवा धडा मिळाला होता: कुणाची किती काळजी घेतली, तेही बघायचं. शिवाय आकडा विचित्र वाटला, तर माणसाला बोलवायचं.

"मला तुझ्यासारखी, न पटलेलं विचारणारी माणसं हवीत," डॉक्टर मृणालला म्हणाल्या. "शतकचे अजून एकोणतीस प्रश्न तपासायचे आहेत."

मृणालने खुर्ची पुढे ओढली. "पहिला कुठला?"